पिस्तुलाची पावती कपाटात, परवाना खिशात

नवं रिव्हॉल्वर घेऊन निघालेलं गिऱ्हाईक दुकानाच्या दारापर्यंत जातं आणि परत फिरतं. हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी नोंदवहीतून मान वर न काढताच उत्तर देतो. प्रश्न ठरलेला असतो: "बिल कायम जवळ बाळगायला लागतं का हो?"

"बिल घरी. लायसन अंगावर. आणि निघायच्या आधी जरा बसा, हत्यारावरचा नंबर आणि लायसनवरचा नंबर मला मोठ्याने वाचून दाखवा."

हे शेवटचं वाक्य मी सुरुवातीची काही वर्षं म्हणत नव्हतो. ते का म्हणायला लागलो ते ओघात येईलच. मी वकील नाही. परवानाधारक हत्यारांच्या दुकानात गेली बावीस वर्षं स्टॉक रजिस्टर, विक्री रजिस्टर आणि बिलं लिहितो. ज्यांना नुकताच परवाना मिळालाय किंवा मिळायच्या बेतात आहे, त्यांनी कोणता कागद कुठे ठेवायचा आणि कधी काढायचा, एवढ्यापुरतंच हे लिहिणं.

आधी मुळातली गोष्ट

गाडीचं आरसी बुक वेगळं असतं आणि चालवायचं लायसन वेगळं. हत्याराच्या बाबतीत ही दोन्ही कामं एकच कागद करतो, तो म्हणजे परवाना. हत्यार तुम्ही विकत घेतलंत, पैसे मोजलेत, पक्कं बिल आहे, यातलं काहीही तुम्हाला ते जवळ ठेवायचा हक्क देत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३ सांगतं की परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस मिळवायचं नाही, जवळ ठेवायचं नाही आणि घेऊन फिरायचं नाही. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींना परवाना लागतो.

रस्त्यावर काय दाखवायचं ते कलम १९ मध्ये आहे, आणि ते वाचायला अगदी सोपं आहे. हत्यार घेऊन जाणाऱ्या कोणाकडेही कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. परवाना दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारू शकतो, गरज वाटली तर हत्यार आणि काडतुसं ताब्यात घेऊ शकतो. नाव-पत्ता सांगायला नकार दिला, खोटा सांगितल्याचा संशय आला किंवा माणूस पळून जाईल असं वाटलं, तर वॉरंटशिवाय अटक. सगळ्या कलमात खरेदीच्या पावतीचा उल्लेख कुठेही नाही. मागायचा कागद परवाना, दाखवायचाही परवानाच.

"कोणताही पोलीस अधिकारी" हे शब्द नीट वाचा. नाक्यावरच्या हवालदाराशी "तुम्हाला अधिकार नाही, साहेबांना बोलवा" असा वाद घालणारे भेटतात. कमरेला हत्यार असलेल्या माणसाने असला वाद घालणं कायद्याच्या आधी अकलेला सोडून आहे.

परवाना घरी विसरणं आणि परवानाच नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विसरलात तर मनस्ताप होतो, हत्यार काही दिवस ठाण्यात राहतं. परवानाच नसेल तर कलम २५ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं हत्यार बाळगायला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे, वर दंड. मात्र रात्री दोन वाजता नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला तुम्ही यातल्या कोणत्या गटातले ते कपाळावर वाचता येत नाही. म्हणून परवाना अंगावर हवा.

पहिली पायरी: परवाना हातात आला की तो वाचा

हसू नका. परवाना मिळेपर्यंत अर्ज, पोलीस पडताळणी, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण यात माणूस इतका थकलेला असतो की हातात आलेला कागद तो घडी करून पाकिटात टाकतो आणि सरळ आमच्याकडे येतो. ग्रामीण भागात हा कागद जिल्हाधिकाऱ्यांकडून, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून त्यांच्या सहीने येतो. मुंबई, पुणे, नागपूर, ठाण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांकडून. कोणाचाही असो, घरी बसून पुढच्या रकान्यांवर बोट ठेवून वाचा.

नाव आणि पत्ता. आधार कार्डावरच्या नावाशी जुळतंय का? वडिलांच्या नावात "राव" एका जागी असतो आणि दुसऱ्या जागी नसतो, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ.

यूआयएन, म्हणजे देशभरच्या परवान्यांच्या संगणकीय नोंदीतला तुमचा क्रमांक. जुन्या वहीसारख्या परवान्यांवर तो नंतर चढवला गेला. यूआयएन नसलेली वही घेऊन आजोबांच्या काळातला माणूस आला तर आम्ही काडतुसाचं एक खोकंही देत नाही, आणि देऊही नये.

हत्याराचा प्रकार आणि बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास. सामान्य नागरिकाला मिळतो तो नॉन-प्रोहिबिटेड, म्हणजे मनाई नसलेल्या, बोअरचा परवाना. नऊ एमएम वगैरे सिनेमात ऐकलेली नावं प्रोहिबिटेड बोअरमध्ये येतात, ती विसरा. हातातल्या हत्यारात, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरमध्ये, साधारण पॉइंट बत्तीस. कानपूरचं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्वर, ईशापूरचं 'अशनी' पिस्तूल, २०१४ मध्ये आलेलं हलकं 'निर्भीक' ही सरकारी कारखान्यांची नावं तुम्ही ऐकली असतील. ते जुने ऑर्डनन्स कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. हत्यारं बनवणारी कंपनी कानपूरची, आणि काडतुसं-दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया आपल्या पुण्याची. परदेशी बनावटीचं नवं हत्यार सामान्य परवानाधारकासाठी बाहेरून येत नाही. त्यामुळे बाजारात दिसणारं जुनं वेब्ली अँड स्कॉट म्हणजे कोणाच्या तरी आजोबांचं, आणि त्याच्या कागदांची साखळी दुप्पट काळजीने बघायची.

क्षेत्र. हा रकाना सगळ्यात कमी लोक वाचतात आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. परवाना जिल्ह्यापुरता आहे, महाराष्ट्रापुरता की पूर्ण भारतासाठी? सांगलीचा माणूस जिल्ह्यापुरता परवाना घेऊन कोल्हापूरला लग्नाला गेला, तर त्याच्या खिशात परवाना असतो आणि तरीही त्या गावात तो लागू नसतो. बेळगाव तर कर्नाटकात, आणि गोवा वेगळंच राज्य. सावंतवाडीतून म्हापशाला बाजाराला जाणं आपल्याला शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं वाटतं, परवान्याला तसं वाटत नाही.

काडतुसं: एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची, हे दोन वेगळे आकडे.

आणि तारखा. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीनची पाच वर्षं झाली. हत्यार कधीपर्यंत विकत घ्यायचं याचीही तारीख असते. ती चुकली तर आम्ही विकू शकत नाही, तुम्ही कितीही ओळखीचे असा. नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये दोन महिने आधीची लावून ठेवा. मुदत संपलेला परवाना खिशात ठेवून फिरणं म्हणजे परवान्याशिवाय फिरणंच.

दुसरी पायरी: खरेदीचा दिवस

दुकान तुमच्या परवान्याच्या क्षेत्राबाहेर असेल तर आधी तुमच्या परवाना शाखेतून लेखी परवानगी घ्या, मग प्रवासाला निघा. विकत घेऊन मग विचारू नका.

दुकानात पाच गोष्टी होतात. मूळ परवाना बघतो. हत्याराची नोंद विक्री रजिस्टरवर घेतो, तुमची सही होते. परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर, बनावट आणि नंबर लिहून सही-शिक्का मारतो. बिल देतो. काडतुसं घेतली तर तीही परवान्यावर चढवतो, तारखेसकट.

या पाचांतली तिसरी गोष्ट म्हणजे माझी जखम.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक द्राक्षबागायतदार रिव्हॉल्वर घ्यायला आले. घाईचा दिवस होता, पितृपक्ष संपून दसऱ्याच्या आधीची गर्दी. माझा सहकारी हत्यार हातात धरून नंबर वाचत होता आणि स्वतःच कार्बन लावून बिल लिहीत होता. मी शेजारी बसून ऐकून परवान्यावर नोंद करत होतो. शेवटचा आकडा आठ होता. मी तीन लिहिला. का लिहिला ते आजही सांगता येणार नाही. बागायतदारांनी सही केली, पेढे दिले, गेले.

पुढच्या महिन्यात रात्रीच्या नाकाबंदीत त्यांची जीप थांबवली. परवाना मागितला, त्यांनी शांतपणे काढून दिला. त्या फौजदाराने कोणीच करत नाही ते केलं: रिव्हॉल्वर रिकामं करून बॅटरीच्या उजेडात फ्रेमवरचा नंबर वाचला आणि परवान्याशी ताडला. आठ आणि तीन. झालं. परवाना एका हत्याराचा आणि कमरेला दुसरंच हत्यार, असा त्याचा सरळ अर्थ होतो. हत्यार ठाण्यात, पंचनामा, बागायतदार सकाळपर्यंत बाकड्यावर.

सकाळी त्यांच्या मुलाने घरातली फाइल आणली. त्यात आमचं बिल होतं, त्यावर नंबर बरोबर होता. आमच्या विक्री रजिस्टरातही बरोबर होता. परवाना देणाऱ्या कार्यालयात हत्यार दाखवून झालेली नोंदही हत्यारावरूनच उतरवलेली होती. तीन ठिकाणी आठ आणि एकाच ठिकाणी तीन, तेही माझ्या अक्षरात. मी जाऊन लेखी जबाब दिला. गुन्हा दाखल झाला नाही, पण रिव्हॉल्वर परत यायला आणि परवान्यावरची नोंद दुरुस्त व्हायला बरेच आठवडे गेले. बागायतदार नंतरही आमच्याकडे येत राहिले. पेढे मात्र पुन्हा आणले नाहीत.

सांगायचं एवढंच की बिल रस्त्यावर लागत नाही, ते लागतं परवान्यावरच कोणीतरी चूक केल्यावर. म्हणून ते सांभाळायचं, पण खिशात नाही. खिशात घामाने कार्बनची प्रत सहा महिन्यांत पुसट होते.

तर दुकानातून उठायच्या आधी हे करा. हत्यार रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, मग नंबर स्वतः वाचा, दुकानदाराचा ऐकू नका. जुन्या हत्यारावर नंबर झिजलेला असतो. त्यावर पांढरा खडू घासून फडक्याने वरवर पुसा, खोलगट आकड्यांत खडू राहतो आणि नंबर उठून दिसतो. शून्य आणि सहा, तीन आणि आठ, एक आणि सात यांवर थांबा. नंबरच दिसत नसेल किंवा कोणी घासून काढलेला वाटत असेल तर ते हत्यार घेऊच नका. ओळखीची खूण खोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो तुम्ही केला नाही हे सांगत बसायची वेळ तुमच्यावर येईल.

तिसरी पायरी: हत्यार दाखवून नोंद

खरेदीनंतर हत्यार, परवाना आणि बिल घेऊन परवाना देणाऱ्या कार्यालयात जाऊन नोंद पक्की करून घ्यायची असते. किती दिवसांत, ते परवान्यावर किंवा मंजुरीच्या पत्रात असतं. या दिवशी मात्र बिल मूळ प्रतीतच लागतं. बरोबर एक झेरॉक्स ठेवा आणि तीवर पोच घ्या. सरकारी कचेरीत बंदूक घेऊन जायचं म्हणून लोक बिचकतात. आत जाण्याआधी गेटवरच्या पोलिसाला सांगा, हत्यार पूर्ण रिकामं ठेवा आणि काडतुसं घरी.

चौथी पायरी: घरातली फाइल

एक साधी प्लास्टिकची फाइल. तीत मूळ बिल, काडतुसांची सगळी बिलं, मंजुरीचं पत्र, प्रशिक्षणाचा दाखला, नूतनीकरणाच्या पावत्या, आणि परवान्याच्या प्रत्येक पानाची स्वच्छ झेरॉक्स. ही फाइल हत्याराच्या कपाटात ठेवू नका. चोरी झाली तर दोन्ही एकदम जातात आणि मग तक्रार लिहिताना नंबर आठवत बसता. हत्यार कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, फाइल तिसरीकडे. बायकोला किंवा मुलाला फाइल कुठे आहे ते माहीत हवं, किल्ली कुठे आहे ते नाही.

हरवलं किंवा चोरीला गेलं तर लगेच जवळच्या ठाण्यात आणि परवाना कार्यालयात लेखी कळवायचं. "दोन दिवस शोधू, मग बघू" असं केलं की ते दोन दिवस तुम्हालाच महागात पडतात.

पाचवी पायरी: अंगावर घेऊन निघताना

मूळ परवाना. फोनमधला फोटो हा परवाना नव्हे. त्याचा उपयोग एवढाच की परवाना खरंच हरवला तर नंबर हाताशी असतो. परवाना पाकिटात दुमडून ठेवू नका, घडीवरच नेमका नंबर येतो आणि फाटतो. पासपोर्टचं पारदर्शक कव्हर चांगलं बसतं.

हत्यार होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक जागी हत्यार उघडं मिरवायला बंदी घातली आहे. शर्ट खोचून मूठ बाहेर दिसेल असं लावणारे हौशी आपल्या भागात कमी नाहीत. मला तो पराक्रम कधी कळला नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात ते न्यायचंच नाही, ही परवान्याचीच अट आहे. अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटेल, पण त्या कारणाने परवाना रद्द झाला तर पुन्हा मिळवणं किरकोळ नसतं. वरातीत हवेत बार काढायचं तर नावच काढू नका. त्याला २०१९ पासून वेगळं कलम आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, कोणाला गोळी लागो न लागो.

नाकाबंदीत थांबवलं तर काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावा आणि आधी तोंडाने सांगा: "साहेब, माझ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर आहे, उजव्या बाजूला कमरेला. परवाना शर्टाच्या खिशात आहे. काढू का?" हो म्हटल्यावरच हात हलवा, आणि फक्त परवान्याकडे. "हे बघा" म्हणत हत्यार स्वतःहून बाहेर काढू नका. त्यांनी मागितलं तर त्यांनाच काढू द्या. हत्यार ताब्यात घेतलंच तर वाद न घालता पंचनाम्याची प्रत मागा, त्यात हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिली आहे का ते बघा, मगच सही करा.

ड्रायव्हरकडे हत्यार देऊन स्वतः मागच्या सीटवर झोपणं चालेल का? तुम्ही सोबत असताना तुमच्या वापरासाठी दुसऱ्याने ते धरलं तर कायदा सूट देतो. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला एकट्यालाच पाठवायचं असेल तर तुमच्या सहीचं अधिकारपत्र हवं. चिठ्ठीत हत्याराचा नंबर, कुठून कुठे, कशासाठी आणि तारीख घाला, सोबत परवाना द्या. मुलाला "जा रे, शेतावर नेऊन ये" असं म्हणून देणं यात बसत नाही.

विमानाने जाणार असाल तर हत्यार हातातल्या बॅगेत कधीच नाही. रिकामं करून, काउंटरवर स्वतःहून सांगून, परवाना दाखवून चेक-इन सामानात. विमान कंपनीला आदल्या दिवशी फोन करा, प्रत्येकीची पद्धत वेगळी. खरा त्रास हत्याराचा नसतोच, तो असतो विसरलेल्या काडतुसाचा. रेंजवर नेलेली सॅक तीच विमानतळावर येते, कोपऱ्यात एक गोळी राहिलेली असते आणि एक्स-रेत ती दिसते. जाणीवपूर्वक बाळगलं नसेल तर गुन्हा होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे, पण ते न्यायालयात सांगायचं असतं. विमान तोवर गेलेलं असतं. तुमच्याकडे परवाना असेल तर त्याची प्रत तिथल्या तिथे दाखवा, फरक पडतो. आणि सॅक प्रवासाआधी उलटी करून झटका.

पत्ता बदलला, निवडणूक आली

मुक्काम कायमचा हलवला, किंवा तीस दिवसांपेक्षा जास्त दुसरीकडे हत्यारासह राहणार असाल, तर बदलल्यापासून तीस दिवसांत नव्या आणि जुन्या दोन्ही ठिकाणच्या परवाना कार्यालयांना कळवायचं. नोकरीसाठी साताऱ्याहून पुण्यात आलेल्यांपैकी फार थोडे हे करतात. पुण्यात नाक्यावर थांबवल्यावर परवान्यावरचा साताऱ्याचा पत्ता आणि आधारवरचा वाकडचा पत्ता एकमेकांकडे बघत राहतात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. सगळ्यांनी सरसकट जमा करायचं असं नाही. जिल्ह्यात छाननी समिती असते, ती कोणाकडून जमा करून घ्यायचं ते ठरवते. नोटीस आली तर मुकाट्याने जमा करा आणि जमा पावती घ्या. पावतीवर हत्याराचा नंबर, काडतुसांची मोजून संख्या, हत्याराची अवस्था लिहून घ्या. "मूठ उजवीकडे टवकलेली" इतकं बारीक सुद्धा. ती पावती फाइलमध्ये नाही, परवान्याला लावून ठेवा, कारण त्या काळात परवाना आहे आणि हत्यार नाही याचं उत्तर तीच देते. ठाण्याऐवजी परवानाधारक दुकानातही जमा करता येतं. त्याचं भाडं पडतं, पण आम्ही तेल लावून ठेवतो.

विकताना आणि वारशाने येताना

दुकानाला न विकता थेट दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. त्याआधी हत्यार हातातून जाऊ द्यायचं नाही, विसार घेतला असला तरी. विकल्यावर बिलाची प्रत फेकू नका. त्या हत्याराने पुढे काही झालं तर साखळीतला मागचा माणूस म्हणून पहिला फोन तुम्हालाच येणार. एका माणसाकडे आता जास्तीत जास्त दोन हत्यारं. तिसरं असलेल्यांना २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते जमा करावं लागलं.

वडील गेले आणि कपाटात रिव्हॉल्वर सापडलं, असे लोक महिन्यातून एकदा तरी येतात. त्यांचा पहिला प्रश्नही बिलाचाच: "बाबांनी कधी घेतलं ते माहीत नाही, पावती सापडत नाही." पावती नसेल तर चालेल. वडिलांचा परवाना शोधा, तो बहुतेकदा विम्याच्या पॉलिसी आणि सातबाऱ्याच्या गठ्ठ्यात असतो. परवाना त्यांच्या नावाचा होता, तुमच्या नाही, म्हणून ते हत्यार घरात तसंच ठेवणं आता कायदेशीर राहत नाही. विनाकारण उशीर न करता ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचं, पावती घ्यायची, आणि मग वारस म्हणून स्वतःच्या परवान्याचा अर्ज करायचा. वडील हयात असतील तर याहून सोपी वाट आहे: परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याच्याकडे हत्यार असून पंचवीस वर्षं झाली की ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाला तपासणीतून जावं लागतंच.

जमा करायला आणताना ते पिशवीत घालून एसटीने आणू नका. आधी ठाण्यात फोन करा, मृत्यूचा दाखला आणि परवाना हाताशी ठेवा, आणि त्यांनाच विचारा कोणी येतं की तुम्ही आणायचं.

परदेशातल्या भाच्याचं काय

हा प्रश्न हल्ली वाढलाय. डॅलसचा भाचा सांगतो, तिथे दुकानात फॉर्म भरला, तपासणी झाली, पिस्तूल घेऊन घरी. खरं आहे. तो फॉर्म दुकानाकडेच राहतो, अमेरिकेत देशपातळीवर बंदुकांची नोंदवही नाही आणि १९८६ च्या कायद्याने ती करायलाच मनाई केली. टेक्साससारख्या राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढ माणूस परवान्याशिवायही हातातलं हत्यार घेऊन फिरू शकतो. खरेदीची पावती बाळगायची सक्ती तिथल्या संघीय कायद्यातही नाही. न्यू जर्सीत, जिथे आपली माणसं भरपूर, नियम एकदम कडक आहेत, तिथे हातातलं हत्यार घ्यायलाच आधी परवानगी लागते. म्हणून टेक्साससमधल्या डॅलसचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनला लावू नये. आणि एच-वन-बी व्हिसावर असलेल्याने सहसा बंदूक घेऊ नये आणि जवळ ठेवू नये. शिकारीच्या लायसनसारखे ठरावीक अपवाद सोडले तर तो संघीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्याने आपलं कार्डच जवळ बाळगायचं असतं, पिस्तूल असो वा नसो.

भाचा सुट्टीत आला की दुकानात येतो, शोकेसकडे बघून म्हणतो, "मामा, इथे किती कागद लागतात!" मी त्याला त्या बागायतदारांच्या परवान्याच्या पानाची झेरॉक्स दाखवतो. त्यातली एक ओळ दुरुस्त केलेली आहे, तीनवर रेघ मारून वर आठ, बाजूला माझी सही आणि तारीख.